मीरा, लोटस आणि आपण

‘आपल्या लोकांत शोधक बुद्धीच नाही, आपण फक्त दुसऱ्याने केलेल्याची नक्कल करतो,’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरे की खोटे हे तपासून पाहण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात ते ऐकू येते, वक्तृत्व स्पर्धेत ऐकू येते आणि कधीकधी वर्गातही ऐकू येते. मला हे वाक्य पटत नाही. ते का पटत नाही हे सांगण्यासाठी मी दोन मोटारगाड्यांची गोष्ट सांगणार आहे. एक गाडी लंडनच्या एका उपनगरातली आणि दुसरी आपल्याच महाराष्ट्रातल्या इचलकरंजीची. दोन्हींचा जन्म एका वर्षाच्या अंतराने झाला. पहिलीचे नाव जगभर झाले. दुसरीचे नाव आज आपल्या महाविद्यालयात किती जणांना ठाऊक आहे, कोणास ठाऊक!

कला शाखेच्या अंकात मोटारगाड्यांचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना एवढीच विनंती की, लेख शेवटपर्यंत वाचावा. हा विषय लोखंडाचा जितका आहे तितकाच समाजाचाही आहे.

प्रथम लंडनची गोष्ट. कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण १९२८ साली जन्मला. त्याचे वडील हॉटेल चालवीत. महायुद्ध संपल्यावर तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामशास्त्र शिकत होता आणि एका मित्राच्या भागीदारीत जुन्या मोटारी घेऊन विकण्याचा जोडधंदाही करीत होता. १९४७ साली सरकारने खाजगी गाड्यांचे पेट्रोलचे रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार एकदम बसला. होत्या त्या गाड्या मिळेल त्या किमतीला फुंकून टाकाव्या लागल्या. एक १९३० सालची ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली. तिला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा ह्या पठ्ठ्याने तिची जुनी बॉडी काढून टाकली आणि मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये तिच्यावर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी हलकी बॉडी चढवली. ही १९४८ सालची गोष्ट. ह्या गाडीचे नाव त्याने ‘लोटस’, म्हणजे कमळ, असे ठेवले. हेच नाव का ठेवले, ते त्याने कधी उघड केले नाही.

त्या वेळी त्याचे वय वीस. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे आज आहे तेच.

नंतर तो एका ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागला; पण संध्याकाळ आणि रविवार गाड्यांसाठी राखून ठेवले. १ जानेवारी १९५२ रोजी ‘लोटस इंजिनिअरिंग’ ही कंपनी स्थापन झाली. भांडवल किती? पंचवीस पौंड, आणि तेही त्या मैत्रिणीकडून, हेझल विल्यम्सकडून, उसने घेतलेले. पुढे १९५४ साली त्यांचे लग्न झाले. कारखाना कुठे? हॉर्न्सी येथे वडिलांच्या हॉटेलामागच्या घोड्यांच्या जुन्या तबेल्यात. कामगार कोण? बहुतेक सारे मित्रच. कोणी विमानांच्या कारखान्यात नोकरी करणारा, कोणी शिकाऊ इंजिनिअर. दिवसभराची नोकरी आटोपून ही मंडळी तबेल्यात जमत आणि रात्री उशिरापर्यंत वेल्डिंग करीत. स्वतः चॅपमनने नोकरी सोडून पूर्ण वेळ ह्या धंद्यात उडी घेतली ती १९५५ साली. तोवर त्यालाही घर चालवायला पगार हवाच होता.

आता ह्या गाडीत विशेष काय होते ते पाहू. त्या काळी वेगाची गाडी म्हणजे मोठे इंजिन हे समीकरण ठरलेले होते. इंजिन मोठे म्हणजे सांगाडा मजबूत हवा, सांगाडा जड झाला की ब्रेक मोठे हवेत, टायर मोठे हवेत, आणि ह्या साऱ्याला ओढायला पुन्हा इंजिन मोठे हवे. चॅपमनने हे रहाटगाडगे उलटे फिरवले. त्याने वजनच काढून टाकले. ‘मार्क सहा’ ह्या त्याच्या पहिल्या विक्रीच्या गाडीचा सांगाडा पातळ नळ्यांचा होता. त्याचे वजन अवघे पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे खताच्या अर्ध्या पोत्याइतके. हे कसे साधले ते समजण्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. आपल्या मोंढ्यातल्या किंवा मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडकडे मान वर करून पाहावे. छपराची कैची बारीक बारीक अँगलची असते. पण ते अँगल त्रिकोणात जोडलेले असल्यामुळे एवढे मोठे छप्पर वाऱ्यावादळात उभे राहते. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. बांधकामशास्त्राच्या विद्यार्थ्याने छपराची ही अक्कल मोटारीला लावली, एवढेच. इंजिन साध्या फोर्ड गाडीचे, पुष्कळ सुटे भाग जुन्या बाजारातले. पण शर्यतीत ही गाडी आपल्याहून कितीतरी महाग गाड्यांच्या पुढे जाई.

लोटसचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९५९ साली चेशंट आणि १९६६ साली हेथेल येथील जुन्या विमानतळावर मोठा कारखाना झाला. लोटस गाडीत बसून जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ साली जगज्जेता झाला. ‘सेव्हन’ ह्या छोट्या गाडीचे हक्क १९७३ साली केटरहॅम नावाच्या कंपनीने घेतले आणि ती आजही तयार होते. चॅपमन साधुसंत नव्हता. त्याच्या गाड्या वजन वाचवण्याच्या नादात मोडत, चालकांचा जीव धोक्यात येई, आणि १९८२ साली तो वारला तेव्हा त्याच्या पैशाच्या व्यवहारांवर संशयाचे सावट होते. कंपनीही पुढे अनेकदा अडचणीत आली आणि शेवटी परक्यांच्या मालकीची झाली. तरीही तबेल्यातून निघालेल्या गाडीने जगातल्या गाड्या बांधण्याची रीत बदलली, हे नाकारता येत नाही.

आता इचलकरंजी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पहिला यंत्रमाग आला आणि पुढे ते गाव मागांचे गाव झाले. जिथे माग आले तिथे मागांची दुरुस्ती आली, दुरुस्तीबरोबर लेथ आले, आणि जवळच्या कोल्हापुरात भट्ट्या आणि तेलावरच्या इंजिनांचे कारखाने होतेच. अशा वातावरणात शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार करायचा ध्यास घेतला. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. १९४९ साली त्यांनी आपली पहिली, दोन माणसांची गाडी तयार केली. म्हणजे चॅपमनची लोटस आणि कुलकर्ण्यांची गाडी एका वर्षाच्या अंतराची भावंडे. पुढे त्यांनी एकामागून एक सुधारलेले नमुने केले. दोनाची तीन माणसांची, तिनाची चार माणसांची गाडी झाली. छोटे इंजिन मागच्या बाजूला, स्प्रिंगच्या जड पाट्यांऐवजी रबराचा उपयोग, भाग शक्य तितके कमी. ह्या गाडीचे नाव ‘मीरा’. ती रस्त्यावर धावली, तिची नोंदणी झाली, लोकांनी ती पाहिली आणि कौतुक केले. १९७०च्या दशकात तिची किंमत बारा हजारांच्या घरात बसेल असा हिशेब होता. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस एकाच वेडाने झपाटलेला होता. पण मीरा कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, कारण तिचा कारखानाच झाला नाही.

मीरा ही शर्यतीची गाडी नव्हती, लोटस होती. हा फरक मला मान्य आहे. परंतु दोघांचा विचार एकच होता: भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. मग एकीला जग मिळाले आणि दुसरीला गाव ओलांडता आले नाही, ह्याचे कारण काय? बुद्धी? सातवी शिकलेला माणूस मोटार बनवून रस्त्यावर आणतो, तिथे बुद्धी कमी होती असे म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. पैसा? पंचवीस पौंड काही फार मोठी रक्कम नव्हे. देशाची गरिबी? युद्धानंतरचे इंग्लंडही टंचाईने ग्रासलेले होते. तिथेही पोलादाचा कोटा होता आणि रेशनची कार्डे १९५४पर्यंत चालू होती.

माझ्या मते फरक आहे तो खेळ आणि कारखाना ह्यांच्या मधल्या पायऱ्यांचा. चॅपमनला त्या पायऱ्या मिळाल्या, कुलकर्ण्यांना मिळाल्या नाहीत.

पहिली पायरी क्लबची. इंग्लंडात जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांच्या शौकिनांचा एक क्लब १९३९ सालीच निघाला होता. थोड्या पैशात गाडी बांधायची आणि आपसात शर्यत लावायची, हा त्यांचा छंद. चॅपमन १९५१ साली ह्या शर्यतींत इतका जिंकला की पुढे नियमच बदलावे लागले. म्हणजे चूक करायला, हरायला, जिंकायला आणि आपल्याहून जाणत्या माणसांना भेटायला एक मैदान होते.

दुसरी पायरी गिऱ्हाइकाची. लोटसचे पहिले गिऱ्हाईक तयार गाडी मागत नव्हते. ते सुटे भाग घेत आणि घरी स्वतः जोडत. त्या वेळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर असे, सुट्या भागांच्या संचावर नसे. त्यामुळे कारकून, शिक्षक, शिकाऊ कामगार अशा माणसांनाही ही गाडी घेता आली आणि कंपनीलाही जोडणीचा खर्च पडला नाही. सुट्या भागांबरोबर जोडणीची माहिती द्यायला कायद्याची आडकाठी होती म्हणून कंपनीने ‘गाडी कशी सोडवावी’ ह्याची माहिती दिली आणि गिऱ्हाइकांनी ती उलटी वाचली, असा एक किस्सा सांगतात. कायद्यात फट होती आणि त्या फटीतून एक रोपटे वर आले.

तिसरी पायरी संख्येची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. मार्क सहा ही गाडी सुमारे तीन वर्षांत किती तयार झाली? फक्त शंभराच्या आसपास! आणि तेवढ्या विक्रीवर कंपनी जगली.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. १९५१ सालच्या उद्योग कायद्याने मोटारींसारख्या उद्योगांना केंद्र सरकारचा परवाना आवश्यक केला. पोलाद कोट्यातून, यंत्रसामग्रीची आयात परवान्यातून. देशात मोटारी करणारे मोजून तीन: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड. त्यांच्या गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत. ‘जनतेची छोटी गाडी’ हवी ह्यावर दिल्लीत समित्या बसल्या आणि उठल्या. १९७० साली मारुतीला इरादापत्र मिळाले ते वर्षाला पन्नास हजार गाड्यांचे. ती कंपनी गाड्या न देताच बुडाली. १९८१ साली सरकारने नवी कंपनी काढली, जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली. मारुतीने देशाचे भले केले हे मी नाकारीत नाही. पण विचार कसा होता ते पाहा. गाडी करायची तर पन्नास हजार! पन्नास गाड्या करणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्नच त्या चौकटीत बसत नव्हता. आणि जगातला कोणताही माणूस पन्नास केल्याशिवाय पन्नास हजारांपर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, महाराष्ट्रात छोट्यातून मोठे कोणी झालेच नाही काय? झाले; आणि ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. बेळगावातली जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका जाणत्या माणसाने योग्य वेळी एक पायरी पुढे केली, एवढाच फरक. पण प्रत्येक कारागिराच्या नशिबी राजेसाहेब कसे येणार? म्हणून पायरी ही एखाद्याच्या मेहेरबानीवर नको, ती समाजाच्या व्यवस्थेतच हवी.

परवान्यांचे राज्य १९९१ नंतर गेले आणि १९९३ साली मोटारींनाही परवाना लागेनासा झाला. मग आता तरी वाट मोकळी झाली का? नव्वदीच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची फायबरग्लासची दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स गाडी काढली. ती थोडीच खपली आणि विसरली गेली. २०२१ साली मुंबईच्या वझिरानी कंपनीने ‘एकाँक’ नावाची विजेवरची शर्यती गाडी दाखवली. तिचे वजन ७३८ किलो. हे प्रयत्न मोठ्या शहरातले आणि भांडवल जवळ असणाऱ्यांचे.

त्याच २०२१ सालच्या अखेरीची दुसरी घटना मला जास्त बोलकी वाटते. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कारागिराने आपल्या मुलाच्या हट्टापायी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप बनवली. तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रा ह्यांनी ती पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही, पोलीस ती कधीतरी अडवतीलच, असे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि दिलीही. त्यांच्या मनाचा मोठेपणा मला मान्य आहे. पण ह्या गोष्टीचा शेवट काय झाला? कारागिराला बक्षीस मिळाले आणि त्याची जीप प्रदर्शनात ठेवायला गेली. कौतुक झाले, रस्ता मिळाला नाही. मीराचेही असेच झाले होते. आपण हार घालतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि घरी जातो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे मरतात. अशा ठिकाणी ज्याने त्याने घरी गाडी बनवून रस्त्यावर आणावी काय? मुळीच नाही. नवीन गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेतून तपासून घ्यावा लागतो, हा नियम योग्यच आहे. पण मोठ्या कारखान्याला जी तपासणी परवडते ती एकच गाडी करणाऱ्याला कशी परवडेल? इंग्लंडात एकेक गाडी स्वतंत्रपणे तपासून नोंदवण्याची सोय आहे. गाडी घरी बांधलेली असली तरी ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर सारे पाहतात. पास झाली तर नंबर देतात, नाही तर परत पाठवतात. सुरक्षितता सांभाळूनही छोट्याला दार उघडे ठेवता येते, हे तिथे सिद्ध झाले आहे. आपल्याकडे अशी सोय सामान्य कारागिराच्या आवाक्यात का येऊ नये?

दुसरा आक्षेप असा की, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे शर्यतीच्या गाड्यांच्या गप्पा कशाला? पण शर्यतीची गाडी हा एक बहाणा असतो. तिच्या निमित्ताने माणूस कमी लोखंडात जास्त बळ कसे आणावे ते शिकतो, आणि ही विद्या गरीब मुलखाला श्रीमंत मुलखापेक्षा जास्त उपयोगाची आहे. आपल्या जळकोटच्या डोंगराळ, हलक्या जमिनीच्या भागात जुन्या सायकलचे पुढचे चाक आणि हँडल घेऊन लोहार जे कोळपे करून देतो, ते पाहा. बैलजोडी सांभाळणे न परवडणारा शेतकरी त्यावर सोयाबीनच्या पाळ्या घालतो. टाकून दिलेली सायकल, फुकटचे चाक, वजन एका हाताने उचलण्याइतके. चॅपमनने ऑस्टिन सेव्हनचे जे केले तेच हे! फरक इतकाच की, ह्या कोळप्याच्या कर्त्याचे नाव कुठल्या पुस्तकात नाही.

आणि इथे मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. हा विषय कला शाखेचा कसा? तो असा. वेल्डिंग कोणी करायचे ते कारागीर ठरवील. पण वेल्डिंग करणाऱ्याला समाजात मान किती द्यायचा, हे आपण ठरवतो. उद्या आपल्यातलेच कोणी तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, आर. टी. ओ. कचेरीत बसतील, बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील, सरपंच होतील, वर्तमानपत्रात लिहितील. समोर एखादा सातवी शिकलेला शंकरराव आपले वेड घेऊन उभा राहील, तेव्हा आपण त्याला ‘हे नियमात बसत नाही’ एवढे सांगून वाटेला लावणार, की ‘बसवायचे कसे ते पाहू’ म्हणणार? पायऱ्या सिमेंटच्या नसतात, अशा माणसांच्या असतात.

आणखी एक काम तर आजच आपल्या हातातले आहे. इंग्लंडात जुन्या लोटस गाड्यांची एकेक करून नोंद ठेवणारी हौशी मंडळी आहेत. कोणती गाडी कोणी घेतली, आज ती कुठे आहे, हे ते सांगू शकतात. मीराबद्दल मात्र चार ओळी शोधायला फिरावे लागते. इतिहास आणि मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातले लोहार, सुतार, फिटर, मोटार मेकॅनिक ह्यांच्याकडे वही घेऊन जावे. त्यांनी काय बनवले, कोणाकडून शिकले, कुठे अडले, ते लिहून आणावे. प्रकल्पासाठी दरवर्षी तेच तेच विषय उतरवून काढण्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे ठरेल. गॅदरिंगमध्ये फनी गेम्स आणि फिशपॉन्डबरोबर एक दिवस गावातल्या कारागिरांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावे, घरी केलेल्या सायकल-गाड्यांची मैदानावर शर्यत लावावी. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी इंदूरजवळ पीथमपूरला २००७ पासून ‘बाहा’ ही स्वतः बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा होते. ती आपल्या आवाक्याबाहेरची असेल, पण मैदान आपलेही आहे.

आपल्या भागातली मुले आज चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून जातात आणि दिवसभर एकच बोल्ट आवळतात. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला, ह्याचा आनंद आहे. मोठे कारखाने हवेतच. परंतु जिथे फक्त मोठेच असते आणि छोट्याला जागा नसते, तिथे माणसे कायम दुसऱ्याचे बोल्ट आवळीत राहतात. ‘आपल्यात शोधक बुद्धी नाही’ असे ह्यापुढे कोणी म्हणाले, तर त्याला इचलकरंजीच्या त्या छोट्या गाडीचे नाव सांगावे. आणि मग स्वतःलाही विचारावे की, आपल्या गावच्या मीरेसाठी आपण काय केले?